लिंबाजीआप्पांचा अंदाज

आमच्या गावात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी लिंबाजीआप्पांच्या ओसरीवर जायचा आणि मग सोनाराकडे. आप्पा काही आचारी नव्हते. चुलवणाजवळ त्यांना एकटं सोडलं असतं तर भात हमखास करपला असता. पाच-सहा एकर रान, ज्वारी आणि कापूस, एक बैलजोडी, असा साधा शेतकरी माणूस. पण पंगतीत किती पानं उठतील आणि त्यांना किती पायल्या काय लागेल हे सांगावं ते त्यांनीच. याला गावात 'अंदाज बोलणं' म्हणत. आप्पा बोलतील तेवढंच शिजायचं, आणि शेवटचं पान उठलं की पातेल्यात जेमतेम घरच्यांपुरतं उरायचं.

पिंगळी स्टेशनावर उतरून गाडीवाटेनं यावं लागे असं आमचं गाव. मी तिथल्या पंगतींचा कायमचा वाढपी. हातात बुंदीची बादली घेऊन मी जेवढं गाव पाहिलं तेवढं कुणी पाहिलं नसेल. कोण किती खातो आणि कोण नको नको म्हणत ताटाखाली लपवतो, मला सगळं ठाऊक. तरी अंदाज बोलायची माझी छाती नव्हती, कारण ते काम दिसतं तेवढं सोपं नाही.

आवतन दोन तऱ्हेचं असायचं. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, पोराबाळांसकट सगळं घर जेवायला येणार. घरटी एक म्हणजे घरातून एकच माणूस. कागदावर हिशेब सरळ आहे. पण घरटी एक सांगितलेल्या घरातून म्हातारा येताना दोन नातवंडं घेऊन येणार की नाही, चूलबंद सांगितलेल्या घरातली सून माहेरी गेली आहे की रुसून बसली आहे, हे कागदावर नसतं, ते आप्पांच्या डोक्यात असे. त्यातून ती नामांतराची वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद, परभणीहून सुटलेली एसटी कुठल्या फाट्यावर थांबेल याचा नेम नाही. आप्पा ओसरीवर बसून डोळे मिटत आणि म्हणत, "एसटीनं येनारी मानसं अर्धीच येतील बगा, गाड्यांचा भरवसा न्हाई. पूर्णेवाले समदे येतील, त्यांना रेल्वे हाय." आणि तसंच व्हायचं.

पानं ठरली की गुणाकार. आप्पांच्या लहानपणी शाळा निजामाची आणि उर्दूची. मराठी पाढे शिकले ते मारुतीच्या पारावर एका पंतोजीकडे, छड्या खाऊन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनच्या पटीतली औटकीसुद्धा. आजच्या पोरांना ही नावं सांगितली तर नदीकाठची गावं वाटतील. शंभर पानांना सव्वा पायली तुरीची डाळ, पावणेदोन पायल्या बुंदीचं पीठ, असे त्यांचे ठरलेले दर. साडेचारशे पानं म्हटली की "साडेचार सव्वा" असं ओठांतल्या ओठांत पुटपुटून पुढच्या श्वासाला उत्तर यायचं. चार शेरांची पायली, त्यामुळे पावाचा, निमाचा आणि पाऊणचा हिशेब शेरांत चपखल बसे.

जेवणाच्या दिवशी सकाळी चुलवणाचा चर खणून तयार झाला की त्यावर नारळ फुटायचा आणि आप्पा चारचौघांत उभं राहून मोठ्यानं अंदाज बोलायचे. एकदा बोललेला अंदाज दुसऱ्यांदा विचारायचा नाही अशी रीत. आचारी व्यंकटी हात जोडून फक्त "व्हय आप्पा" म्हणायचा आणि पायली भरायला घ्यायचा.

आप्पांना दोन मुली. थोरलीच्या लग्नात बापच अंदाज बोलला, आणि धाकटी कुसुम तेव्हा परकरात होती, तिनं त्याच मांडवात सांगून टाकलं की माझ्याही लग्नाचा अंदाज आप्पाच बोलणार, दुसरं कुणी बोललं तर मी बोहल्यावर चढणार नाही. सगळे हसले. आप्पांनी मात्र ते मनावर घेतलं. "कुसुमचा अंदाज बोललो की मी मोकळा," असं ते पुढं कितीदा तरी म्हणायचे. दुसऱ्या कुठल्या गोष्टीची त्यांना हाव नव्हती.

त्यांचा धाकटा भाऊ आसाराम पूर्णेला रेल्वेत होता. त्यानं एकदा सिकंदराबादेहून येताना कॅल्क्युलेटर आणला. विडीच्या बंडलाएवढी काळी डबी, वर राखाडी काच. आमच्या गावातला पहिलाच. थोरल्या भावाला शोभेल अशी वस्तू म्हणून त्यानं आणली होती, आणि दोन दिवस मुक्काम करून शिकवलीही. पाव म्हणजे ठिपक्यापुढं पंचवीस, निम म्हणजे पाच, पाऊण म्हणजे पंचाहत्तर. आप्पा लगेच शिकले. पावणेदोन त्यांनी पहिल्याच दिवशी बिनचूक मारलं आणि भावाकडं असं बघितलं की आसारामची छाती फुगली.

तेव्हापासून ती डबी बंडीच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली. पहिल्यांदा आप्पा तोंडी उत्तर सांगून मग डबीत बघायचे. मग आधी डबीत बघून तोंडी सांगायला लागले. पुढं पुढं तोंडी काही राहिलंच नाही, पायलीभर पेरणीचा हिशेबही डबीत.

आमचे नागनाथ गुरुजी हे बघून फार कष्टी झाले. कष्टी म्हणतो खरं, पण त्यांना विषयही मिळाला होता. वर्गात मुलांना म्हणायचे, "लिंबाजीआप्पांकडे बघा. औटकी येणारा तालुक्यातला एकच माणूस, आणि आता पाच दुणे किती हेही बटणाला विचारतो. यंत्र डोकं खातं, लक्षात ठेवा." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. परभणीच्या कापडदुकानात बारा नि आठ मिळवायला बटणं दाबणारा कारकून मी स्वतः पाहिलाय आणि त्याला हसलोयही. पण वर्गात गावातल्या माणसाचं नाव घ्यायचं काय कारण? ते आप्पांच्या कानावर गेलं. ते नुसते हसले आणि रुमाल नीट गुंडाळून डबी खिशात ठेवली.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग चंद्रभानच्या मुलीचं लग्न आलं. चारशे पानं. आप्पा डबीत बघून बुंदीच्या पिठाचा अंदाज बोलले, "पाच पायल्या दोन शेर." व्यंकटी हात जोडून "व्हय आप्पा" म्हणाला. म्हणताना तो क्षणभर थांबला, हे मला नंतर आठवलं. त्याच्या हाताला सवय सात पायल्यांची. पण रीत म्हणजे रीत.

शेवटची पंगत बायकांची असते. वऱ्हाडातल्या बाया बसल्या, मी बादली घेऊन निघालो आणि अर्ध्या ओळीतच माझी पळी तळाला खरडली. उरलेल्या बायांची पानं बुंदीशिवाय. घरात पीठ होतं, पण पाक संपलेला, चुलवण विझलेलं, आणि वऱ्हाडाला पिंगळीची गाडी गाठायची. नवऱ्या मुलाची आत्या ताटावरून उठली. चंद्रभाननं तिच्यापुढं पागोटं काढून ठेवलं तेव्हा ती परत बसली. आप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आसाराम दुसऱ्या दिवशी पूर्णेहून आला. ओसरीवर गुरुजी होते, व्यंकटी होता, मीही होतो. आसारामनं डबी पुढं ठेवली. "दादा, काय मारलं होतं ते एकदा मारून दाखवा."

आप्पांनी मारलं. एक, ठिपका, तीन.

"एक पायली तीन शेर," ते म्हणाले.

आसारामनं कपाळाला हात लावला. "अवो दादा, तीन शेर मंजी ठिपक्यापुढं तीन न्हाई. पंच्याहत्तर! मशीनला कुठं ठाऊक हाय चार शेराची पायली?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चूक सापडली, चूक यंत्राची. गुरुजींना आपलं म्हणणं खरं ठरल्याचा जो आनंद झाला तो त्यांना लपवता आला नाही आणि मला तो अजूनही खपत नाही. "मी सांगतच होतो," ते म्हणाले. "आप्पा, महिनाभर ह्या डबीचा उपास करा. पाढे आपोआप परत येतील." आसाराम बिचारा खाली मान घालून बसला होता. आपणच भावाच्या डोक्याचं वाटोळं केलं असं त्याच्या मनानं घेतलं. जाताना तो डबी पूर्णेला घेऊन गेला.

एकट्या पार्वतीबाईंचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, समाधान झालं नव्हतं. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. आम्ही उठल्यावर मला म्हणाल्या, "दोन साल तर बरोबर मारत हुते की. मग आत्ताच कामून चुकले?" मी म्हटलं, चुकतं माणूस. दुसरं काय सांगणार?

मग उपास सुरू झाला. सकाळी बैलांना वैरण टाकून आप्पा ओट्यावर बसायचे आणि मोठ्यानं सवायकी म्हणायचे. जाणाऱ्या येणाऱ्याला बरं वाटायचं, पाढे परत यायला लागले म्हणून. पण जरा थांबून ऐकलं तर कळे की ते पाच-सहापर्यंत जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पुन्हा पाच-सहा आणि पुन्हा पहिल्यापासून. पेरणीच्या वेळी बियाणं मोजून ठेवलं आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा मोजायला बसले. एकदा बाजारातून येताना आपल्याच रानाच्या फाट्यावर न वळता सरळ पुढं चालत गेले. व्यंकटीनं हाक मारून परत आणलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, मलाही फार उशिरा सांगितलं.

यातच कुसुमचं लग्न ठरलं. नवरा मुलगा गंगाखेडच्या जिनिंग कारखान्यात होता. सुपारी फुटली आणि कुसुमनं पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर, अंदाज आप्पाच बोलनार.

आसाराम लग्नाचं बोलायला आला होता. दुपारी रानात बाभळीखाली दोघं भाऊ बसले, पार्वतीबाई भाकरी घेऊन आल्या. तिथं जे बोलणं झालं ते आसारामनंच मला सांगितलं.

त्यानं सहज विचारलं, "दादा, पाढे आले का परत?"

आप्पांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "आसाराम, तुजी डबी यायच्या आदीच जायला लागले हुते रे ते. पाढा तोंडात यायचा, पर आकडा धरून ठेवता येईना. एक धरला की दुसरा निसटायचा. कुनाला सांगावं? तू ती डबी आनलीस तवा मला वाटलं, देवानंच धाडली. दोन साल मी गावात ताठ मानेनं फिरलो ते तिच्यामुळं. आनि तुमी समदे म्हनायलाव, डबीनं डोकं खाल्लं."

पार्वतीबाईंनी विचारलं, "अवो, मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगून काय? कुसुमच्या लग्नाचा अंदाज दुसरंच कुनी बोललं असतं. येवढं एक होऊ द्यावं म्हनलं, मग गेलं तर गेलं."

पार्वतीबाई पदर डोळ्याला लावून दिराकडे वळल्या. "भावजी, ती डबी परत आना. चष्मा लावला म्हनून डोळे ग्येले, असं कुनी म्हनतं का? डोळे ग्येले म्हनून चष्मा लावत्यात."

आसाराम पुढच्या खेपेला डबी घेऊन आला. गुरुजींनी ती पुन्हा आप्पांच्या खिशात बघितली आणि तोंड उघडलं. पण पार्वतीबाई समोरच धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांनी नुसतं वर बघितलं. गुरुजींनी पाणी मागितलं, प्याले आणि गेले. त्या दिवसानंतर वर्गात आप्पांचं नाव निघालं नाही.

कुसुमचं लग्न उन्हाळ्यात झालं. सकाळी चर पेटायच्या आधी सगळं गाव मागच्या अंगणात जमलं. नारळ फुटला. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, नवा रुमाल बांधून पुढं आले. कुसुम हळदीच्या अंगानं दारात येऊन उभी राहिली. आसाराम भावाच्या इतक्या जवळ उभा होता की धक्का लागावा.

आप्पांनी आधी पानं सांगितली. "साशे. गंगाखेडचं वऱ्हाड पुरं येनार, दोन ट्रक ठरवलेत त्यांनी. पर पिंगळीच्या बाजारामुळं घरटी एक वाले कमी येतील." हे सांगताना आवाज पहिल्यासारखा खणखणीत. मी शपथेवर सांगतो, माणसांचा अंदाज त्यांचा कधीच चुकला नाही, त्या दिवशीही नाही. डाळ, तांदूळ, गहू, सगळं बरोबर गेलं. ते सगळे आकडे आसारामनं त्यांच्याकडून आदल्या दिवशी घोकून घेतले होते.

मग बुंदी. तीही घोकली असणार, पण आप्पांनी खिशातून डबी काढली. आसारामचा हात पुढं झाला आणि तसाच राहिला. भर सभेत थोरल्या भावाच्या हातातून वस्तू कशी काढून घ्यायची? आप्पांनी बटणं दाबली, काच उन्हात तिरकी धरून वाचली आणि मोठ्यानं बोलले,

"बुंदीचं पीठ, सात पायल्या आठ शेर."

चार शेरांची पायली हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. आठ शेर म्हणजे दोन पायल्याच की. पुन्हा तोच ठिपक्यापुढचा तीन. 'सात पायल्या आठ शेर' असं दुसरं कुणी म्हणालं असतं तर आमच्या गावानं त्याला जन्मभर 'आठशेऱ्या' म्हणून बेजार केलं असतं. याहून लहान चुकीवरून आम्ही माणसांना नावं ठेवलेली आहेत. मी गुरुजींकडं बघितलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. चंद्रभान आभाळाकडं बघत होता. कुणाचाही ओठ हलला नाही.

व्यंकटीनं हात जोडले. "व्हय आप्पा."

मग तो माझ्याजवळ आला आणि पायली माझ्या हातात देऊन हळूच म्हणाला, "साडेधा भर. तोंडानं मोजू नको."

मी न बोलता साडेदहा पायल्या भरल्या.

लग्न झकास झालं. सहाशे पानं उठली, बायकांच्या शेवटच्या पंगतीलाही मी बुंदी दोनदा फिरवली. वऱ्हाड कुसुमला घेऊन निघालं. निघताना ती आप्पांच्या गळ्यात पडून म्हणाली, "आप्पा, तुमी बोललाव, माझं समदं झालं." ट्रक धुरळ्यात दिसेनासे झाले. माणसं पांगली.

मी मांडवामागं बादल्या विसळत होतो. कनातीच्या पलीकडं आप्पा आणि पार्वतीबाई बसले होते. तोवर ते जेवले नव्हते. पार्वतीबाईंनी पान वाढून पुढं ठेवलं. आप्पा पानातल्या बुंदीकडं बघत बसले.

"लय उरली का?"

"घरच्यापुरती हाय," पार्वतीबाई म्हणाल्या.

"मी सकाळी किती बोललो?"

पार्वतीबाईंनी पानात अजून थोडा भात वाढला.

"आठ शेर बोललो न्हाई का मी?"

"जेवा आता. दिसभर उपाशी हाव."

"कुनीच हासलं न्हाई, कुसुमची माय." आप्पा म्हणाले. "ह्या गावातली मानसं अशा चुकीला सोडत न्हाईत. मी सोडलं नसतं. आनि आज येक मानूस हासलं न्हाई. मंजी समद्यांना ठाऊक हाय."

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. मी असतो तर नाहीच म्हटलं असतं.

"हाय ठाऊक," त्या म्हणाल्या. "तुमी ओट्यावर पाढे म्हनायला बसलाव, तवापासून."

आप्पा मुसमुसून रडायला लागले. मी बादली तशीच खाली ठेवली, वाजू नये म्हणून. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि विचारलं,

"मग इतकं ठाऊक असून मलाच कामून बोलायला उभं केलं?"

पार्वतीबाईंनी त्यांचा हात धरून पानाशी नेला.

"दुसऱ्या कुनाला उभं करायचं?"